लहरींचे समन्यायी वाटप

गेल्या उन्हाळ्यात दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात बचतगटाच्या बायकांची बैठक होती. विषय कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा होता. पण उन्हाळ्यातल्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला नाही असे होत नाही. टँकर कधी येतो, नळाला पाणी कधी सुटते, कोणाच्या आळीत सुटते आणि कोणाच्या नाही, असे बोलणे चालले होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पानी कवा येनार त्ये रेडिओवर सांगत्यात. का आलं न्हाई, त्ये कोन सांगनार?"

सगळ्या हसल्या आणि बैठक पुढे सरकली. आमच्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. म्हातारीने सहज विचारले होते, पण आपल्या देशातल्या रेडिओच्या कायद्याचे मर्म त्या एका वाक्यात होते.

सामुदायिक रेडिओला, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी, नफा न कमावता चालवलेल्या केंद्राला, पाणीपुरवठा, वीज, हवामान, परीक्षा, नोकरभरती, साथीचे रोग, नैसर्गिक आपत्ती यांबद्दल प्रशासनाने दिलेली माहिती सांगता येते. ती 'बातमी' धरली जात नाही. पण योजनेची मोटर किती दिवस बंद आहे, दुरुस्तीचे पैसे कुठे अडकले, ग्रामसभेत बायकांनी काय विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे सांगायला गेले की ते 'बातम्या व चालू घडामोडी' या सदरात जाते आणि त्याची परवानगी नाही. थोडक्यात, पाणी कधी येणार हे सांगता येते. का आले नाही, हे नाही.

या अंकाचे संपादकीय आम्ही रेडिओवर लिहायचे ठरवले तेव्हा आमच्यातल्याच काहीजणींनी विचारले, की मारहाण, पोटगी, परित्यक्ता, रोजगार हमी हे सगळे प्रश्न पडलेले असताना रेडिओच्या परवान्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी आपल्या दोन जिल्ह्यांतले चित्र पाहू. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र १९६३ पासून आहे. साताऱ्यालाही आकाशवाणीचे केंद्र आहे. शहरांत खाजगी एफएम वाहिन्या ऐकू येतात. त्यांवर गाणी, गप्पा, जाहिराती असतात. आणि या सगळ्यांच्या पलीकडे, जिथे पाऊसही जपून पडतो अशा दोन तालुक्यांत दोन लहान केंद्रे आहेत. माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' २००८ साली सुरू झाली. जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीने 'येरळावाणी' सुरू केली. अशा केंद्राच्या प्रक्षेपकाला साधारणपणे १०० वॅटची परवानगी असते. म्हणजे आपल्या माजघरात जो जुना पिवळा दिवा लागत असे, त्याच्याएवढी वीज. मनोऱ्याची उंची फार तर ३० मीटर. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर, म्हणजे बाजाराच्या गावाला चालत जाणारी बाई सकाळी निघून दुपारी परत येईल, एवढ्या अंतरात.

एवढ्याशा आवाजासाठी अर्ज मात्र दिल्लीला करावा लागतो. माहिती व प्रसारण मंत्रालय तो तपासते, गृह व संरक्षण खात्यांचा होकार लागतो, लहरींची वारंवारिता दूरसंचार खाते ठरवते, मग करार, मग बँक हमी. नुसता बचतगट असून भागत नाही. किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था लागते. पत्रक छापायला, पथनाट्य करायला, आमच्यासारखे त्रैमासिक काढायला यातले फारसे काही लागत नाही. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव झाले, त्यासाठी एक डफ आणि दहा-बारा जणींचे गळे पुरले. मग हवेतून जाणाऱ्या आवाजालाच एवढे पहारे का?

याचे मूळ जुने आहे. १८८५ च्या इंडियन टेलिग्राफ कायद्याने तार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकमेव अधिकार सरकारकडे ठेवला. १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागेल असे ठरवले. राज्य परक्यांचे होते, त्यामुळे भीती कोणाची होती हे उघड आहे. आणि ती भीती खोटी नव्हती. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांचा माग चुकवत जागा बदलत राहिले. जे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते ते त्या रेडिओवरून सांगितले जात होते. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे २२. त्याच सुमारास आपल्या भागात, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार उभे राहत होते. गावोगावच्या न्यायदान मंडळांचे निरोप बायकांनी भाकरीच्या टोपलीतून, कमरेच्या ओच्यातून पोचवले. कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्या लढ्यात होत्या आणि पुढे याच इंदुताई परित्यक्तांच्या चळवळीत उभ्या राहिल्या. निरोप पोचवणे हे बायकांचे जुने राजकीय काम आहे.

स्वातंत्र्य आले. राज्य आपले झाले, कायदा मात्र तोच राहिला. तब्बल १३८ वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा केला. पण लहरी वापरायच्या तर केंद्र सरकारच्या अनुज्ञेनेच, हा गाभा नव्या कायद्यातही आहे.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली आणि ती आपल्या चळवळीच्या नजरेतून जवळजवळ निसटली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला. वाद होता क्रिकेटचे सामने कोणी दाखवायचे याचा. बायकांच्या कोणत्या संघटनेने तो निकाल वाचायला घेतला असता? पण मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी क्रिकेटच्या निमित्ताने फार पुढचे काही सांगून ठेवले. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, म्हणून त्यांचा वापर लोकहितासाठी आणि लोकांच्या हक्कांना बाधा न येता व्हायला हवा. बोलण्याच्या स्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचे आणि पोचवण्याचे स्वातंत्र्य आले. सरकारची मक्तेदारी चालणार नाही, पण म्हणून पैसेवाल्यांची मक्तेदारीही चालणार नाही. लहरींचे नियमन समाजातल्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व असणाऱ्या एका स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे आणि ते स्थापन करण्यासाठी सरकारने तातडीने पावले उचलावीत, असा आदेशही न्यायालयाने दिला.

तसे प्राधिकरण आजही नाही. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक आले आणि मंजूर न होताच संपले. त्याच वर्षी प्रसार भारती अस्तित्वात आली, पण ती आकाशवाणी-दूरदर्शनपुरती, आणि तिचा खर्च मुख्यतः केंद्राच्या अनुदानावरच चालतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवांच्या नियमनाच्या नव्या विधेयकाचा मसुदा आला. पुढच्या वर्षी त्याच्या सुधारित मसुद्यावरून ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला.

निकालानंतर लहरींचे दार उघडले, पण कोणासाठी आधी आणि कोणासाठी नंतर हे पाहा. शहरांतल्या खाजगी एफएम वाहिन्यांचा पहिला लिलाव १९९९-२००० मध्ये झाला. शैक्षणिक संस्थांना आपल्या आवारापुरता रेडिओ चालवायची मुभा २००२ च्या अखेरीस मिळाली. आणि गावात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये, निकालानंतर जवळजवळ बारा वर्षांनी. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेदक जिल्ह्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी १९९८ पासून कार्यक्रम तयार करून ठेवले होते. परवाना नाही म्हणून त्या कॅसेट संघमच्या बैठकांत फिरवत राहिल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचा 'संघम रेडिओ' हवेत गेला, तोवर दहा वर्षे उलटली होती. बोली लावणाऱ्याला रांग नसते. रांग असते ती फक्त गरजवंताला.

माणदेशातल्या बायकांना ही रांग ओळखीची होती. म्हसवडला महिला सहकारी बँक काढायची ठरली तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. ही हकीकत चेतना सिन्हा यांनी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. बायका खचल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी यंत्रावर करावा, बघू कोणाचा आधी होतो, असे त्यांनी सांगितले. १९९७ मध्ये परवाना मिळाला. पैशाच्या परवान्यात बायकांना अडवले ते अक्षराने. आवाजाच्या परवान्यात तर अक्षर लागत नाही, तरी अकरा वर्षे आणखी थांबावे लागले.

आता बातमीच्या बंदीबद्दल. सामुदायिक रेडिओला आणि खाजगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा नंतर मिळाली. सामुदायिक केंद्राला त्या स्थानिक बोलीत सांगताही येतात. पण बातमी आकाशवाणीचीच हवी. आकाशवाणीच्या बातमीत आपले गाव वर्षातून किती वेळा येते, हे वाचक मैत्रिणींनी आपापल्या मनाशी मोजावे. आणि तेही कमी होते आहे की काय अशी धास्ती वाटते. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी ओरड केली तेव्हा तो थांबला. ज्याला बातमी द्यायचा अधिकार आहे तो गावापासून दूर चालला आहे आणि जो गावात बसला आहे त्याला बातमी द्यायचा अधिकार नाही.

या बंदीची किंमत कोण मोजते? मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ८५१ मुली होत्या. २०११ मध्ये ८६७. साताऱ्यात हेच आकडे ८७८ आणि ८९५. म्हणजे म्हैसाळची घटना आकाशातून पडली नव्हती. आता विचार करा. सामुदायिक रेडिओवर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा काय सांगतो यावर तासभर कार्यक्रम करता येतो, मुलगी वाचवा अशी गाणी दिवसभर लावता येतात. पण पलीकडच्या गावात काय उघडकीला आले, सोनोग्राफी केंद्रांची तपासणी कधी झाली, खटला कुठवर आला, हे सांगणे म्हणजे चालू घडामोडी. बाईला उपदेश ऐकवायची परवानगी आहे, माहिती देऊन शहाणे करायची नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. त्यांत बायका-मुले होती. पुराच्या वेळी रेडिओसारखा सोबती नाही. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले तरी दोन सेलवर तो बोलतो. पाणी किती फुटांवर आहे हे प्रशासनाने कळवले तर तो सांगू शकतो. पण आमच्या गावाला बोट का पोचली नाही, हे छपरावर बसलेल्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितले तर ती माहिती की बातमी? असल्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसायला पुरात वेळ नसतो. मग परवाना गमवायला नको म्हणून केंद्र गप्प बसणेच पसंत करते.

सरकारचे म्हणणे असे, की देशभर विखुरलेल्या लहान केंद्रांवरून काय बोलले जाते यावर लक्ष ठेवणे अवघड आहे, त्यामुळे सुरक्षेला धोका होऊ शकतो. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली तेव्हाही हाच बचाव पुढे आला. पण शेकडो दूरचित्रवाणी वाहिन्यांना चोवीस तास बातम्या देता येतात, मोबाईलवरून कोणतीही अफवा क्षणात जिल्हाभर जाते. मग १०० वॅटच्या दिव्याचीच भीती का? सप्टेंबर २०२३ मध्ये खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली की खाजगी एफएमना तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात. उद्या ती मान्य झाली तर काय होईल? लिलावात बोली लावणाऱ्याला बातमीचा हक्क मिळेल आणि म्हसवड-जालिहाळच्या बायका पुन्हा रांगेत. हे होऊ द्यायचे नसेल तर आत्ताच बोलले पाहिजे.

आमच्याच मैत्रिणी यावर एक धोका दाखवतात, आणि तो खरा आहे. बातमीची मुभा मिळाली तर गावचे पुढारी रेडिओ ताब्यात घेतील, जातीधर्माची भांडणे हवेतून लागतील, बाईची बदनामी आता चावडीवर होते ती रेडिओवर होईल. पण बाईची अप्रतिष्ठा करणारा किंवा जमातींत तेढ वाढवणारा मजकूर देऊ नये, अशी बंधने परवान्याच्या अटींत आहेतच. ती मोडणाऱ्याला मागाहून जाब विचारावा. कोणीतरी वाईट बोलेल म्हणून सगळ्यांचीच तोंडे आधी बांधायची, हा न्याय आपल्याला घरात पुरेसा परिचयाचा आहे. आणि पुढाऱ्यांचा धोका टाळायचा उपाय बातमीबंदी नाही. त्याचा उपाय मालकीच्या कायद्यात आहे.

इथे आपण सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यापाशी येतो. आपण वर्षानुवर्षे माध्यमांतल्या बाईच्या चित्राबद्दल भांडलो. जाहिरातींना काळे फासले, मालिकांविरुद्ध पत्रे पाठवली. स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ मध्ये झाला त्यामागे स्त्री संघटनांचे श्रम होते. ते सगळे आवश्यक होते. पण आपण पडद्यावरच्या बाईकडे पाहत राहिलो, पडद्याच्या मालकाकडे पाहायचे राहून गेले. आज 'टाइम्स' समूहाकडे रेडिओ मिर्ची आहे, 'जागरण' समूहाकडे रेडिओ सिटी आहे, आपल्या शेजारी कोल्हापुरात 'पुढारी' समूहाकडे टोमॅटो एफएम आहे. यात बेकायदा काही नाही, आणि मुद्दाही तो नाही. मुद्दा असा, की एकाच घरातून वर्तमानपत्र, रेडिओ, वाहिनी आणि संकेतस्थळ निघाले तर दुसरे मत कुठे जाणार? खाजगी एफएमच्या धोरणात एका शहरात एका मालकाकडे किती वाहिन्या असाव्यात याला मर्यादा आहे, राजकीय व धार्मिक संस्थांना मनाई आहे. पण वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी आणि रेडिओ मिळून एका हातात किती एकवटावे याचा कायदा आपल्याकडे नाही. ट्रायने २००९ मध्ये आणि पुन्हा १२ ऑगस्ट २०१४ रोजी अशा निर्बंधांची शिफारस केली. राजकीय पक्षांना, धार्मिक संस्थांना आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना प्रसारणात येऊ देऊ नये, मालकी कोणाची हे लोकांना कळावे, असेही सुचवले. त्या शिफारशी पडून आहेत. आपल्या भागात साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षणसंस्था एकाच वाड्यातून चालतात तेव्हा काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हवाही त्याच वाड्यात गेली तर पोटगी मागणारी बाई दाद कुठे मागणार?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला. मूळ किंमत धरली होती ७८४ कोटी ८७ लाख रुपये. लहरींचे मोल असे कोटींत ठरते. तुलनेला सांगायचे तर, सरकारच्याच आकड्यांनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये साऱ्या देशात सामुदायिक रेडिओ केंद्रे होती ४८१. या केंद्रांकडून लहरींच्या वापरासाठी वर्षाला घेतले जाणारे १९,७०० रुपये २०१२ मध्ये एकदम ९१,००० करण्यात आले होते. देशभरातल्या केंद्रांनी आवाज उठवला तेव्हा ती वाढ मागे घेतली गेली. संघटितपणे मागितले तर मिळते, याचा हा दाखला आहे.

अलीकडचा आणखी एक बदल तर थेट आपल्या हाती दिलेले हत्यार आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, जागतिक रेडिओ दिनी, सरकारने सामुदायिक रेडिओची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परवानगीची मुदत दहा वर्षे झाली, जाहिरातींना तासाला सातऐवजी बारा मिनिटे मिळाली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत किमान निम्म्या बायका असाव्यात, अशी अट आली.

निम्म्या! पंचायत राज्यात १९९३ मध्ये एकतृतीयांश जागा मिळाल्या तेव्हाची आठवण होते. तेव्हा आपण नाचलो आणि मग 'सरपंचपती' नावाचे नवे पद जन्माला आलेले पाहिले. तोच धोका इथे आहे. माइकसमोर बाई, ओव्या गाणारी बाई, पाककृती सांगणारी बाई, आणि काय लावायचे, कोणाची जाहिरात घ्यायची, कोणाला बोलवायचे हे ठरवणारे मात्र आतल्या खोलीतले, असे होऊ शकते. हे आम्ही कोणा एका केंद्राकडे बोट दाखवून म्हणत नाही. आमच्या स्वतःच्या संस्थांनाही हे लागू आहे. परवाना संस्थेच्या नावावर असतो, श्रोत्या बायकांच्या नावावर नसतो. सामुदायिक म्हटल्याने कोणतीही गोष्ट आपोआप समुदायाची होत नाही.

'आता मोबाईल आला, रेडिओ कोण ऐकतो?' असेही विचारले जाते. पण घरातला मोबाईल बहुतेक वेळ कोणाच्या खिशात असतो? रिचार्ज कोण करते, आणि बाई कोणाशी बोलली हे कोण तपासते? रेडिओ चुलीशेजारी, गोठ्यात, शिलाई यंत्राजवळ चालतो. हात कामात असले तरी कान मोकळा असतो. त्याला अक्षर लागत नाही, आणि तिने काय ऐकले याची नोंद कुठे राहत नाही. मारहाण सोसणाऱ्या बाईला हेल्पलाइनचा क्रमांक असा गुपचूप कानावर पडणे किती मोलाचे आहे, हे आपल्या सल्ला केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

मग करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा हवा असा आग्रह धरला. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांनी तेच तत्त्व तेरा दुष्काळी तालुक्यांत नेले. जमीन किती आहे यावर पाणी ठरू नये, पाणी सगळ्यांचे, म्हणून प्रत्येक घराला समान वाटा. तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनी याला वेडेपणा म्हटले होते. नदीचे पाणी जसे कोणाच्या बापाचे नाही, तशा हवेतल्या लहरीही कोणाच्या बापाच्या नाहीत. हे तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. म्हणून आमची मागणी समन्यायी वाटपाचीच आहे.

सामुदायिक रेडिओला आपल्या परिसरातल्या बातम्या द्यायचा हक्क मिळाला पाहिजे, आणि तो खाजगी वाहिन्यांच्या मागून नव्हे तर आधी. १९९५ च्या निकालाने सांगितलेले स्वायत्त प्राधिकरण झाले पाहिजे आणि त्यावर बायकांचे निम्मे प्रतिनिधित्व हवे. वर्तमानपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा घालणारा कायदा हवा, आणि मालक कोण हे श्रोत्याला सहज कळेल अशी तरतूद हवी. आकाशवाणीच्या सातारा-सांगलीसारख्या केंद्रांवरचा स्थानिक कार्यक्रमांचा वेळ राखला पाहिजे.

या मागण्या दिल्लीच्या आहेत. पण काही कामे उद्या सकाळी सुरू करता येतील. आपल्या भागातल्या रेडिओ केंद्रात जा आणि समितीवरच्या बायकांची नावे विचारा. त्या शेवटच्या बैठकीला होत्या का, बोलल्या का, हेही विचारा. स्वागत होईल, कारण चांगल्या केंद्रांना श्रोते आलेले हवेच असतात. आपल्या संस्थेची तीन वर्षे झाली असतील तर अर्ज करण्याचा विचार करा. महिला ग्रामसभेत रेडिओवर एक चर्चा ठेवा. आणि म्हैसाळ, पूर, पाणी यांबद्दल जे हवेतून सांगता येत नाही ते लिहून आमच्याकडे पाठवा. आम्हाला छापता येते.

कारण गंमत अशी आहे, मैत्रिणींनो, की हे संपादकीय आम्ही निर्धास्तपणे छापू शकतो. कोणी आमचा अंक बंद करणार नाही. पण हाच मजकूर एखाद्या सामुदायिक केंद्रावरून कोणी वाचून दाखवला, तर 'चालू घडामोडी' म्हणून परवान्याच्या अटीचा भंग ठरू शकतो. ज्या म्हातारीने प्रश्न विचारला तिला वाचता येत नाही. उत्तर छापलेले आहे, पण ते तिच्यापर्यंत पोचवायला बंदी आहे. ही बंदी उठेपर्यंत तुम्हीच तिला हे वाचून दाखवा, बैठकीत, ओट्यावर, पाणवठ्यावर. आणि ती काय म्हणाली ते आम्हाला जरूर कळवा.

— संपादक मंडळ